लिनक्सवर ध्वनी-प्रणालींचे आपसांत जमत नसेल तर काय करावे

लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर आवाज बंद पडला, तुटक येऊ लागला किंवा एका प्रोग्रामला मिळून दुसऱ्याला मिळेनासा झाला, की मदत मागणाऱ्याला तासाभरात परस्परविरोधी सल्ले मिळतात. कोणी पल्सऑडिओ काढून टाकायला सांगतो, कोणी पाइपवायर बसवायला सांगतो, आणि पंधरा-वीस वर्षे लिनक्स वापरलेला एखादा जाणकार या दोन्हींची मुळात गरजच नाही, नुसता अल्सा पुरतो, असे ठासून सांगतो. यातला प्रत्येक जण स्वतःच्या संगणकावर जे घडले तेच सांगत असतो, त्यामुळे खोटे कोणीच बोलत नाही. मात्र ते ध्वनी-व्यवस्थेच्या वेगवेगळ्या थरांविषयी बोलत असतात आणि वाद एकाच प्रश्नावर असल्यासारखा चालतो. म्हणून येथे सुचवलेला क्रम असा आहे: बिघाड कोणत्या थरात आहे हे आधी पुराव्याने ठरवावे, आणि त्यानंतरच काय बसवायचे किंवा काय काढायचे याचा विचार करावा. बहुतेक वेळा काहीच काढावे लागत नाही.

आज्ञांची आणि फायलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची आहेत.

वाद कुठून आला

तळाशी कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, आहे आणि त्यात ध्वनी-कार्डाचा ड्रायव्हर आहे. लिनक्समध्ये हा भाग अल्साचा. त्याच्या वर ध्वनी-सर्व्हर असतो, जो अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळून कार्डाकडे पाठवतो. हे काम आज बहुतेक ठिकाणी पाइपवायर करते आणि जुन्या संगणकांवर पल्सऑडिओ. सर्व्हरच्या शेजारी एक व्यवस्थापक असतो, ज्याचे पाइपवायरमधील नाव वायरप्लंबर. हेडफोन लावल्यावर आवाज स्पीकरमधून काढून तिकडे न्यायचा की नाही, असे निर्णय तो घेतो. सर्वांत वर आपला प्रोग्राम, आणि तो यांपैकी कोणाची तरी बोली बोलतो: अल्साची, पल्सची किंवा जॅकची (जॅक हा संगीत-मुद्रणासाठीचा सर्व्हर). प्रोग्राम एक बोली बोलतो आणि खाली ऐकणारा दुसरीच जाणतो, ही विसंगतीची सर्वांत साधी व्याख्या.

ही बोलींची गर्दी का झाली हे माहीत असले, तर जुन्या सल्ल्यांचे वय ओळखता येते. लिनक्सचे पहिले ध्वनी-ड्रायव्हर हन्नू साव्होलायनेन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी लिहिले आणि त्यातून ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस, उभी राहिली. पुढे तिच्या विकासाचा मोठा भाग एका कंपनीच्या बंदिस्त परवान्याखाली गेला. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला अल्सा २००२ मध्ये कर्नलच्या २.५ या विकास-मालिकेत सामील झाला, आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ पासून ओएसएसचा दर्जा जुन्या, टाळण्याजोग्या भागाचा झाला. ओएसएसची चौथी आवृत्ती २००७ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली झाली खरी, पण तोपर्यंत लिनक्सची गाडी पुढे गेली होती. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या कार्यप्रणालीमध्ये मात्र ओएसएसची बोली आजही घरची आहे. तेथे अनेक प्रोग्रामांचे आवाज कर्नलमध्येच मिसळले जातात. त्यामुळे एखादा फ्रीबीएसडीवाला 'सर्व्हर कशाला हवा?' असे विचारतो, तेव्हा त्याच्या घरी तो प्रश्न अगदी योग्य असतो.

लिनक्सवर तोच प्रश्न विचारणाऱ्यांचीही एक बाजू होती, आणि ती फारशी कोणी नीट मांडत नाही. साउंड ब्लास्टर लाइव्हसारख्या काही कार्डांत अनेक आवाज मिसळण्याचे काम स्वतः हार्डवेअर करीत असे. अशा कार्डाच्या मालकाला गाणे, खेळ आणि गप्पांचा प्रोग्राम एकाच वेळी ऐकू येत, आणि त्याला सर्व्हर म्हणजे निव्वळ उपद्रव वाटे. मदरबोर्डवरच चिकटवलेल्या स्वस्त चिपमध्ये ही सोय नव्हती. तेथे एका प्रोग्रामने कार्ड धरले की दुसऱ्याला ते व्यग्र असल्याचा संदेश मिळे. अल्साने यावर डीमिक्स नावाचा उपाय दिला होता, पण तो सगळीकडे आपोआप लागू होत नसे. दोघांचा वाद तत्त्वाचा दिसे. प्रत्यक्षात तो दोन कार्डांमधला होता.

लेनार्ट पोएटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेले पल्सऑडिओ नोव्हेंबर २००७ च्या फेडोरा ८ आणि एप्रिल २००८ च्या उबुंटू ८.०४ या वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) पूर्वनिर्धारित झाले, आणि तक्रारींचा पूर आला. त्यातल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ असे होते की बॅटरी वाचवण्यासाठी पल्सऑडिओ मोठा बफर, म्हणजे वाजवायच्या आवाजाचा साठा, आधीच भरून ठेवी आणि वेळ मोजून जागे होई, आणि त्यासाठी कार्ड नेमके कुठवर वाजवून झाले हे ड्रायव्हरने अचूक सांगणे आवश्यक होते. अनेक ड्रायव्हर ते चुकीचे सांगत. पूर्वी ही चूक कोणाच्या लक्षात येत नसे, कारण तो आकडा इतक्या काटेकोरपणे कोणी वापरतच नसे. वापरकर्त्यांनी पल्सऑडिओला दोष दिला, पल्सऑडिओच्या लेखकांनी ड्रायव्हरांना दिला. माझ्या मते तांत्रिक बाजू लेखकांची बरोबर होती. तरीही ज्याचा आवाज कालपर्यंत चालत होता त्याने हे मान्य करावे ही अपेक्षा अवास्तव होती.

संगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्यांचे जग निराळेच राहिले. आर्डोर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामचे लेखक पॉल डेव्हिस यांच्या जॅकमध्ये सगळे प्रोग्राम एकाच ठेक्यावर, एकाच दराने आणि एकाच आकाराच्या बफरवर चालतात. एकजण उशिरा आला की सर्वांचा आवाज तुटतो. घरगुती वापराला ही शिस्त जाचक, आणि स्टुडिओला तिच्याशिवाय चालत नाही. रेड हॅटमधील विम टायमन्स यांनी व्हिडिओसाठी म्हणून सुरू केलेले पाइपवायर या दोन्ही जगांचे काम एकाच सर्व्हरमध्ये करू लागले, एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये ते ध्वनीसाठी पूर्वनिर्धारित झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. ते रुजले याचे कारण मला असे दिसते की त्याने कोणाला बोली बदलायला सांगितले नाही. पल्सच्या प्रोग्रामाला ते पल्स भासते, जॅकच्या प्रोग्रामाला जॅक, आणि अल्सावाल्यासाठीही त्यात वाट आहे.

तपासणी खालून वर करावी

पहिली पायरी म्हणजे कर्नलला कार्ड दिसते का हे पाहणे. टर्मिनलमध्ये 'एप्ले', मग मोकळी जागा, मग वजाचे चिन्ह आणि लहान एल, अशी आज्ञा दिली की कार्डांची यादी येते. यादी रिकामी असेल तर वरच्या कोणत्याही थरात काहीही बदलून उपयोग नाही, आणि पल्स चांगले की पाइपवायर हा वाद तेथे पूर्ण गैरलागू आहे. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतील अनेक लॅपटॉपांत ध्वनीचे काम एका वेगळ्या प्रक्रियकाकडे असते आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे एसओएफ, लागते. ते फर्मवेअर बसवलेले नसले की सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' एवढेच दिसते. डेबियनमध्ये त्याचे पॅकेज 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' या नावाने आहे, आर्चमध्ये 'एसओएफ-फर्मवेअर' या नावाने. ते बसवून संगणक पुन्हा सुरू करावा.

कार्ड दिसते पण आवाज नाही, अशा वेळी 'अल्सामिक्सर' उघडावा, एफ६ दाबून खरे कार्ड निवडावे आणि प्रत्येक पट्टीखाली दोन एम अक्षरे दिसतात का ते पाहावे. ती दिसली म्हणजे ती वाहिनी मुकी आहे. एम दाबून ती बोलती करता येते. तेथेच 'ऑटो-म्यूट मोड' नावाची सोय असते. हेडफोनच्या भोकात काही अडकले आहे असा कार्डाचा गैरसमज झाला, की ही सोय स्पीकर गप्प करते. मी एकदा एका मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर दोन संध्याकाळी सर्व्हर बदलत बसलो होतो, आणि शेवटी दोष त्या भोकातल्या धुळीचा निघाला.

दुसरी पायरी सर्व्हर ओळखण्याची. 'पीएसीटीएल इन्फो' ही आज्ञा दिल्यावर येणाऱ्या मजकुरात सर्व्हरच्या नावाची ओळ असते. तेथे नुसते पल्सऑडिओ असेल तर खरे पल्सऑडिओ चालू आहे. पल्सऑडिओच्या पुढे कंसात पाइपवायरचे नाव आणि आवृत्ती असेल तर पाइपवायर पल्सची भूमिका वठवत आहे. ही एक ओळ न पाहता दिलेला सल्ला घेऊ नये, आणि देऊही नये. पल्सऑडिओच्या फायलींत बदल करूनही काहीच फरक पडत नाही, अशी तक्रार करणाऱ्याच्या संगणकावर पुष्कळदा पल्सऑडिओ चालूच नसते.

या आज्ञेला जोडणी नाकारल्याचे उत्तर आले, तर सर्व्हर चालू नाही किंवा आपण चुकीच्या वापरकर्त्याच्या नावाने विचारतो आहोत. ध्वनी-सर्व्हर लॉगिन केलेल्या वापरकर्त्याचा असतो, संपूर्ण संगणकाचा नव्हे. त्यामुळे 'सुडो' (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून चालवलेल्या प्रोग्रामाला तो सहसा सापडत नाही. आवाजाशी संबंधित कोणतीही आज्ञा सुडो लावून देऊ नये, एवढा नियम पाळला तरी निम्मे घोळ टळतात.

तिसरी पायरी कार्ड कोणी धरून ठेवले आहे हे शोधण्याची. त्यासाठी 'फ्यूझर' ही आज्ञा तपशील दाखवणाऱ्या व्ही या पर्यायासह डेव्ह फोल्डरमधील एसएनडी या उपफोल्डरातील सर्व फायलींवर चालवावी. उत्तरात पाइपवायर, वायरप्लंबर किंवा पल्सऑडिओ दिसणे अपेक्षित आहे. त्यांच्याऐवजी एखादा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम दिसला, तर त्याने सर्व्हरला वळसा घालून कार्ड थेट आपल्या ताब्यात घेतले आहे. ऑडासिटीमध्ये उपकरणाच्या यादीतून एचडब्ल्यू अक्षरांचे नाव निवडले की असेच होते. त्याऐवजी डिफॉल्ट, पल्स किंवा पाइपवायर या नावाचे उपकरण निवडावे. आर्डोर सुरू करताना अल्सा हा मार्ग निवडल्यास तोही कार्ड एकट्यासाठी घेतो. हा दोष मानू नये. मुद्रण चालू असताना ब्राउझरमधली एखादी घंटी मध्येच वाजू नये, अशी कलाकाराची इच्छा असू शकते. आर्डोरमधला पल्सचा मार्ग मात्र केवळ ऐकण्यासाठी आहे, त्यातून मुद्रण होत नाही. ही गोष्ट माहीत नसलेले लोक मायक्रोफोनला दोष देत बसतात.

चौथी पायरी म्हणजे प्रोग्राम सर्व्हरपर्यंत पोचतो का हे पाहणे. प्रोग्राममधून काहीतरी वाजवत ठेवून 'पाव्हूकंट्रोल' हा आवाज-नियंत्रणाचा प्रोग्राम उघडावा आणि प्लेबॅकच्या पानावर त्याचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसते, पट्टी हलते, पण आवाज नाही, तर तो चुकीच्या उपकरणाकडे जात आहे. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असल्यास फार वेळा तो तिकडे गेलेला असतो. नावच दिसत नसेल, तर बोलीचा प्रश्न आहे.

दोन सर्व्हर एका घरात

वितरणाची आवृत्ती वाढवताना जुने पल्सऑडिओ मागे राहिले आणि पाइपवायरचा पल्स-भागही आला, की दोघे एकाच सॉकेटसाठी, म्हणजे प्रोग्राम ज्यातून सर्व्हरशी जोडले जातात त्या दारासाठी, भांडतात. जो आधी सुरू होतो तो जिंकतो, त्यामुळे आवाज एक दिवस येतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. येथे रागाच्या भरात पल्सऑडिओ काढून टाकण्याची आज्ञा देऊ नये, कारण काही वितरणांत डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज त्यावर अवलंबून असते आणि पॅकेज-व्यवस्थापक होकार मिळताच डेस्कटॉपचे तुकडेही सोबत काढतो. त्याऐवजी 'सिस्टिमसीटीएल' या आज्ञेला यूझर आणि मास्क हे पर्याय देऊन पल्सऑडिओची सर्व्हिस आणि तिचे सॉकेट, दोन्ही झाकून ठेवावेत. सॉकेट विसरले तर कोणताही प्रोग्राम आवाज मागताच पल्सऑडिओ पुन्हा जागे होते. झाकणे उलटवता येते, म्हणून ते आधी; काढणे नंतर, आणि तेही काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी शेवटपर्यंत वाचून.

जॅकच्या बाबतीत पाइपवायर असताना वेगळा जॅक-सर्व्हर चालवण्याची गरज बहुतेकांना उरत नाही. पाइपवायरचा जॅक-भाग बसवून प्रोग्रामच्या नावाआधी 'पीडब्ल्यू-जॅक' लिहिले की तो प्रोग्राम पाइपवायरशी जोडला जातो, आणि 'क्यूपीडब्ल्यूग्राफ'मध्ये त्याच्या तारा हाताने जोडता येतात. ज्यांचा स्टुडिओ वर्षानुवर्षे खऱ्या जॅकवर नीट चालला आहे, त्यांनी केवळ नवे आले म्हणून तो बदलावा असे मला वाटत नाही.

दर आणि बफर

तुटक आवाजाचे वाद बहुधा दोन आकड्यांवर येऊन थांबतात. पाइपवायर सहसा सेकंदाला ४८,००० नमुने या दराने आणि १०२४ नमुन्यांच्या बफरने चालते. म्हणजे एक बफर सुमारे २१.३ मिलिसेकंदांचा. २५६ केल्यास तो ५.३ वर येतो आणि ६४ केल्यास १.३ वर. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा १०२४ च्या एका बफरचा उशीर म्हणजे साथीदार सात मीटर दूर बसल्यासारखे झाले. चित्रपट पाहणाऱ्याला हे जाणवत नाही. हेडफोनमधून स्वतःचा तबला ऐकत वाजवणाऱ्याला मात्र जाणवते, शिवाय आत येताना आणि बाहेर जाताना असा उशीर दोनदा लागतो.

म्हणून कामापुरता बफर लहान करावा. एखाद्या प्रोग्रामपुरता बदल हवा असल्यास 'पाइपवायर लेटन्सी' हे चल मोठ्या अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अधोरेषा देऊन, २५६ तिरकी रेघ ४८००० असे ठरवून मग प्रोग्राम सुरू करावा. संपूर्ण सर्व्हरला सक्ती करण्यासाठी 'पीडब्ल्यू-मेटाडेटा' वापरून सेटिंग्जमधील सक्तीच्या क्वांटमला, म्हणजे बफरच्या आकाराला, २५६ ही किंमत द्यावी आणि काम झाल्यावर तीच किंमत शून्य करावी, म्हणजे सक्ती उठते. 'पीडब्ल्यू-टॉप' उघडून ठेवल्यास चुकांच्या स्तंभात कोणाचा आकडा वाढतो ते दिसते, आणि आवाज तोडणारा नेमका प्रोग्राम सापडतो. सगळ्यांचा बफर वाढवण्यापेक्षा त्या एकाला आवरणे शहाणपणाचे.

दराचे भांडण सौम्य असते. ऑडिओ सीडीवरचे संगीत ४४,१०० च्या दराचे, सर्व्हर ४८,००० वर. मध्ये रूपांतर होते. काही श्रोत्यांना ते खपत नाही. त्यांनी सर्व्हरच्या फायलीत परवानगी असलेल्या दरांच्या यादीत ४४,१०० ची भर घालावी. मग कार्ड मोकळे असताना सर्व्हर दर बदलू शकतो. रूपांतराने होणारा फरक कानाला कळतो की नाही, या चर्चेत मी पडत नाही.

रिअल-टाइम कर्नलशिवाय लिनक्सवर मुद्रण होत नाही, हा सल्लाही आता जुना झाला. त्यासाठी लागणारे बदल नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्येच आले आहेत, आणि घरगुती मुद्रणाला साध्या कर्नलवर २५६ चा बफर सहसा पुरतो.

जुनी बोली बोलणारे आणि बोली सोडून देणारे

मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५२ व्या आवृत्तीने लिनक्सवर अल्साशी थेट बोलणे थांबवले आणि पल्सऑडिओ मागितले. त्याआधी २०१४ मध्ये स्काइपच्या ४.३ आवृत्तीनेही तेच केले होते. सर्व्हरशिवाय राहणाऱ्या लोकांना ही सक्ती वाटली, तर दोन मार्ग सांभाळायला माणसे नाहीत असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे म्हणणे होते. अशा वेळी तीन वाटा असतात. वितरणाने तो जुना मार्ग चालू ठेवून प्रोग्राम बांधला आहे का ते पाहावे. 'एपल्स' नावाचा छोटा दुभाषा वापरावा, जो पल्सची बोली ऐकून अल्साला सांगतो. किंवा पाइपवायर आणि त्याचा पल्स-भाग बसवावा. पहिली वाट कधी बंद होईल हे आपल्या हातात नसते, दुसरीत मायक्रोफोन आणि गुंतागुंतीचे कॉल कधी कधी अडतात, आणि म्हणून मी तिसरी सुचवतो. ओपनबीएसडी या वेगळ्या कार्यप्रणालीवर एसएनडीआयओ हा वेगळाच साधा सर्व्हर आहे. तेथील माणसाला पाइपवायर बसवण्याचा सल्ला देऊ नये.

फ्लॅटपॅक या पॅकेज-पद्धतीतून बसवलेल्या प्रोग्रामांसाठी आणखी एक पाहावे. ते कुंपणात चालतात, आणि त्यांना पल्सच्या सॉकेटची परवानगी लागते. बाहेरचे सर्व प्रोग्राम वाजतात आणि हा एकटाच गप्प, तर 'फ्लॅटसील' या परवानग्यांच्या प्रोग्राममध्ये ती परवानगी तपासावी.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज कॉल सुरू होताच खराब होतो, ही तक्रार सर्व्हरवर ढकलली जाते, पण तिचे कारण ब्लूटूथमध्ये आहे. ए२डीपी या पद्धतीत आवाज उत्तम आणि एकाच दिशेने जातो. मायक्रोफोन लागला की एचएफपी वापरावी लागते, आणि तिच्यात दर सहसा ८,००० किंवा १६,००० वर येतो. मायक्रोफोन लॅपटॉपचा निवडावा, हेडफोन ए२डीपीवरच राहतो.

स्क्रीन-रीडर असेल तर

जे लोक पडदा न पाहता, ओर्का या स्क्रीन-रीडरच्या आवाजावर संगणक चालवतात, त्यांच्यासाठी वरील प्रत्येक प्रयोग धोक्याचा आहे, कारण आवाज गेला की संगणकच गेला. मराठी मजकूर ऐकण्यासाठी अनेकांकडे ईस्पीक-एनजी असते. त्यात मराठी आहे. ओर्काचा शब्द स्पीच-डिस्पॅचरकडे, तेथून ईस्पीककडे आणि तेथून सर्व्हरकडे जातो. स्पीच-डिस्पॅचरच्या फायलीत ध्वनीचा मार्ग अल्सा असा लिहिलेला राहिला असेल, तर सर्व्हर आणि तो कार्डासाठी झगडू शकतात; तेथे पल्स लिहावे. पडद्यावरच्या डेस्कटॉपबाहेर, काळ्या कन्सोलवर बोलणारा ईस्पीकअप हा तर संगणक सुरू होतानाच सिस्टिमच्या नावाने कार्ड पकडतो, आणि मग लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या सर्व्हरला ते मिळत नाही. यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय साधा आहे: एक स्वस्त यूएसबी ध्वनी-कार्ड घ्यावे, कन्सोलचा आवाज तिकडे द्यावा आणि डेस्कटॉपचा मूळ कार्डावर ठेवावा.

अशा संगणकावर सर्व्हर थांबवण्याची आज्ञा कधीही एकटी देऊ नये. थांबवणे, दहा सेकंद वाट पाहणे आणि पुन्हा सुरू करणे या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहून मग एंटर दाबावा. शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, आत येण्याची वाट आधीच उघडी ठेवावी.

तक्रार कुठे आणि कशी नोंदवावी

सगळे तपासूनही दोष राहिला, तर तो योग्य दारात न्यावा. एप्लेच्या यादीत कार्ड नसेल, तर तक्रार कर्नलची किंवा फर्मवेअरची. कार्ड आहे पण चुकीचे उपकरण निवडले जाते, तर वायरप्लंबरची. एकच प्रोग्राम अडतो, तर त्या प्रोग्रामची. तक्रारीत वितरणाचे नाव, कर्नल आणि सर्व्हर यांच्या आवृत्त्या, 'पीएसीटीएल इन्फो' आणि 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' यांचे पूर्ण उत्तर, आणि दोष नक्की कोणत्या कृतीनंतर दिसतो ते लिहावे. 'अल्सा-इन्फो' नावाची स्क्रिप्ट हार्डवेअरची तपशीलवार माहिती गोळा करते, पण ती माहिती सार्वजनिक ठिकाणी चढवण्याची तयारीही तिच्यात असते. तसे नको असल्यास अपलोड न करण्याचा पर्याय द्यावा आणि तयार झालेली फाइल वाचून मगच जोडावी.

आवृत्ती लिहिणे ही औपचारिकता समजू नये. मार्च २०२४ मध्ये आलेल्या वायरप्लंबर ०.५ ने लुआ भाषेतील जुन्या सेटिंग-फायली वाचणे सोडून दिले आणि वेगळ्या मांडणीच्या फायली मागितल्या. दोन माणसे एकच उपाय करून पाहतात, एकाचा आवाज लगेच सुधारतो आणि दुसऱ्याच्या संगणकावर काहीच घडत नाही, तेव्हा त्यांनी आधी एकमेकांचा वायरप्लंबरचा आकडा विचारावा: एकाकडे ०.४ निघेल, दुसऱ्याकडे ०.५.